गुरांच्या वाटा, ओंडक्यांची नदी : केर्नगॉर्मच्या पायथ्याशी पाहुण्यांचे खेळ कुठून आले

स्कॉटलंडमध्ये स्पे नदीच्या खोऱ्यात, केर्नगॉर्म डोंगररांगेच्या उत्तर पायथ्याला अ‍ॅव्हीमोर नावाचं छोटं गाव आहे. इथे येणारा पाहुणा डोंगर चढतो, नदीत कनू (वल्ह्यांची अरुंद होडी) सोडतो, पाइनच्या रानात सायकल घालतो, हिवाळ्यात स्की करतो आणि रात्री तलावाच्या काठी तंबू ठोकतो. यातल्या बहुतेक गोष्टींना ना परवाना लागतो ना प्रवेश शुल्क. हे मोकळं रान कुणा पर्यटन खात्याने आखून दिलेलं नाही. गुरं हाकणारे, मेंढपाळ आणि लाकूड वाहणारे मजूर पोटासाठी ज्या वाटांनी गेले आणि ज्या पाण्यात उतरले, त्याच्या साक्षी पुढे कोर्टात झाल्या आणि त्यावर भटक्यांचे हक्क उभे राहिले. जमीनदारांना हे फारसं रुचलं नाही, हे सांगायला नकोच.

वाटा कुणी पाडल्या

इथले सगळ्यात जुने आखीव रस्ते लष्कराचे. 1715 च्या जॅकोबाइट, म्हणजे गादीवरून हटवलेल्या स्टुअर्ट राजघराण्याच्या पाठीराख्यांच्या, बंडानंतर लंडनच्या सरकारने हायलँड्सवर, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ उत्तर भागावर, पकड बसवायला घेतली. किंगसीजवळच्या टेकाडावर रुथव्हेनची बराक 1719 ते 1721 मध्ये बांधली गेली. तिच्या बिनछपराच्या भिंती आजही रेल्वेतून दिसतात. 1725 पासून जनरल जॉर्ज वेडने सुमारे 400 किलोमीटर रस्ते आणि चाळीसेक पूल बांधून घेतले. त्यांचे काही तुकडे आजच्या डांबरी रस्त्याखाली गेले, काही सायकलवाल्यांच्या आणि पायी जाणाऱ्यांच्या वाट्याला आले. सरळ रेषेत जाणारा, दगड भरलेला, तीव्र चढालाही वळण न घेणारा रस्ता दिसला तर तो बहुधा या काळातला.

पण डोंगराच्या पोटातून जाणाऱ्या वाटा सैनिकांनी पाडलेल्या नाहीत. त्या गुरं हाकणाऱ्यांच्या. उत्तरेकडची काळी, ठेंगणी गुरं शरद ऋतूत दक्षिणेला क्रीफच्या आणि नंतर फॉलकर्कच्या बाजारात विकायला जात. कळप दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर चाले, वाटेत चरे आणि रात्री तिथेच बसे. म्हणून या वाटा पाणी आणि गवत धरून, शक्य तितक्या कमी उंचीच्या खिंडीतून जातात. लारिग ग्रू ही त्यातली सगळ्यात प्रसिद्ध खिंड. बेन मॅकडूई (1,309 मीटर) आणि ब्रेरीयाख (1,296 मीटर) या दोन अजस्र पठारांच्या मधून ती जाते आणि स्पेचं खोरं डी नदीच्या खोऱ्याला जोडते.

एकोणिसाव्या शतकात चित्र पालटलं. व्हिक्टोरिया राणीने 1848 मध्ये बालमोरल भाड्याने आणि 1852 मध्ये विकत घेतलं आणि हायलँड्समध्ये शिकारीचं रान असणं ही श्रीमंतीची खूण झाली. हरणं बुजू नयेत म्हणून मालकांनी खोऱ्यांच्या तोंडावर राखणदार बसवले. 1847 मध्ये एडिंबराचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक जॉन हटन बॅल्फर विद्यार्थ्यांना घेऊन ग्लेन टिल्ट या खोऱ्यातून उतरत होते, तेव्हा अथॉलच्या ड्यूकने माणसांसह त्यांची वाट अडवली. प्रकरण कोर्टात गेलं आणि ड्यूक हरला.

त्याहून महत्त्वाचा खटला ग्लेन डॉलचा. ब्रेमारकडून अँगसमध्ये उतरणाऱ्या वाटेला जॉक्स रोड म्हणतात. तिथला मालक डंकन मॅकफर्सन ही वाट खाजगी म्हणून अडवू लागला, तेव्हा स्कॉटिश राइट्स ऑफ वे सोसायटीने 1885 पासून लढा दिला आणि 1888 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयात, निकाल सोसायटीच्या बाजूने लागला. साक्षीला उभे राहिले ते म्हातारे मेंढपाळ आणि गुरं हाकणारे. 'आम्ही या वाटेने जनावरं बाजाराला नेली' एवढंच त्यांना सांगायचं होतं, आणि तेवढंच निर्णायक ठरलं. खर्चापायी सोसायटी मात्र पार खंगली. त्याच सुमारास, 1884 मध्ये, खासदार जेम्स ब्राइसने डोंगरांवर सर्वांना मुक्त प्रवेश देणारं विधेयक संसदेत मांडलं. ते पुन्हा पुन्हा मांडलं गेलं आणि पुन्हा पुन्हा पडलं. त्यातला विचार कायद्यात यायला 2003 उजाडावं लागलं.

आज लारिग ग्रू चालायची तर कोइलमब्रिज ते लिन ऑफ डी हा टप्पा सुमारे 30 किलोमीटरचा आहे आणि खिंडीचा माथा 835 मीटरवर. सरावाच्या माणसालाही नऊ-दहा तास लागतात. उत्तरेकडून जाताना जंगल संपेपर्यंत वाट उत्तम असते. माथ्याजवळ ती मोठमोठ्या शिळांच्या राशीत विरते आणि तिथे वेग निम्म्यावर येतो. पायाचा घोटा मुरगळतो तो इथेच, तोही बहुधा ओल्या दगडावर. दुसरी चूक नियोजनाची: पलीकडे उतरल्यावर परतीची सोय नसते. गाडीरस्ता डोंगराला लांबचा वळसा घालून येतो आणि लिन ऑफ डीपासून ब्रेमार गावही दहाएक किलोमीटर दूर आहे. पलीकडे गाडी ठरवलेली नसेल तर अर्ध्या वाटेवरून मागे फिरणं बरं.

खिंडीच्या दक्षिण भागात कोरूर बॉथी आहे. बॉथी म्हणजे वाटसरूंना मुक्कामाला खुली असलेली साधी झोपडी. 1877 मध्ये ती हरणांवर नजर ठेवणाऱ्या राखणदारासाठी बांधली, म्हणजे भटक्यांना हाकलणाऱ्या माणसाचं ते घर. आता ती माउंटन बॉथीज असोसिएशन सांभाळते. 1965 मध्ये स्थापन झालेली ही संस्था स्कॉटलंडमधल्या आणि थोड्या बाहेरच्या मिळून सुमारे शंभर बॉथी राखते. दार उघडं असतं, भाडं नाही. पण वीज नाही, गादी नाही आणि जागा मिळेलच असंही नाही. स्लीपिंग बॅग, मॅट, स्टोव्ह, मेणबत्ती आणि तंबू सोबत हवाच. मोठ्या गटाने बॉथी धरून बेत आखू नये, हा तिथला पहिला नियम.

यादी आणि घड्याळ

शिखरं 'पूर्ण करण्याचा' नाद 1891 चा. सर ह्यू मन्रो यांनी स्कॉटिश माउंटेनियरिंग क्लबच्या नियतकालिकात 3,000 फुटांवरच्या (914.4 मीटर) शिखरांची यादी छापली. 1901 मध्ये रेव्हरंड ए. ई. रॉबर्टसन यांनी ती पुरी केली असं मानलं जातं. फेरमोजण्यांमुळे यादी बदलत गेली. सध्या तीत 282 शिखरं आहेत. त्याच क्लबच्या विल्यम नेस्मिथने 1892 मध्ये वेळेचा आडाखा दिला, तो अजून चालतो: दर 5 किलोमीटरला एक तास, आणि वर दर 600 मीटर चढाला आणखी एक तास. कोरी कास या स्कीच्या उतारांखालच्या वाहनतळापासून (सुमारे 630 मीटर) बेन मॅकडूईला जाऊन येणं साधारण 18 किलोमीटर आणि 900 मीटर चढ. म्हणजे साडेतीन अधिक दीड, एकूण पाच तास. यात थांबे, वारा आणि नकाशा पाहणं धरलेलं नाही. सहा-सात तासांचा हिशेब ठेवावा. डिसेंबरमध्ये दुपारी साडेतीनच्या सुमारास सूर्य मावळतो, हे गणित आधीच मांडलेलं बरं.

सह्याद्रीतून जाणाऱ्याची फसगत उंचीच्या आकड्याने होते. बेन मॅकडूई कळसूबाईपेक्षा (1,646 मीटर) तीनशे मीटरहून जास्त बुटका आहे. पण तो 57 अंश उत्तर अक्षांशावर आहे. झाडं सहा-साडेसहाशे मीटरलाच संपतात आणि वर आर्क्टिकसारखं उघडं पठार लागतं. केर्नगॉर्म शिखरावरच्या स्वयंचलित हवामान केंद्राने 20 मार्च 1986 रोजी ताशी 173 मैल, म्हणजे सुमारे 278 किलोमीटर वेगाचा झोत नोंदवला. एवढा वारा रोज नसतो. ताशी 70-80 किलोमीटरच्या वाऱ्यातही मात्र पठारावर सरळ चालता येत नाही. पायथ्याशी 12 अंश असताना माथ्यावर पाच-सहा अंश असतं आणि वाऱ्यात ते उणे वाटतं. जूनमध्येही टोपी, हातमोजे आणि वारा अडवणारं जाकीट पिशवीत असायला हवं.

नदीचा खटला

या खोऱ्यातली सगळ्यात मजेदार कहाणी कनूची. अठराव्या शतकात रॉथीमर्कस, ग्लेनमोर आणि अ‍ॅबरनेथीच्या जंगलांत जुना पाइन उभा होता, पण बाहेर काढायला रस्ता नव्हता. 1728 मध्ये यॉर्क बिल्डिंग्ज कंपनीने अ‍ॅबरनेथीचं लाकूड विकत घेतलं आणि ओंडक्यांचे मोठे तराफे बांधून ते स्पेमधून समुद्राकडे सोडायला सुरुवात केली. त्याआधी कातडं मढवलेल्या टोपलीवजा होडीतून एकेक माणूस थोडे ओंडके ओढून नेत असे. 1784 च्या सुमारास हल आणि यॉर्कच्या व्यापाऱ्यांनी ग्लेनमोरचं जंगल घेतलं आणि नदीच्या मुखाशी गोदी काढली. हलचं पूर्ण नाव किंग्स्टन अपॉन हल, म्हणून त्या वस्तीचं नाव किंग्स्टन पडलं. तिथे या पाइनची जहाजं बांधली गेली.

पद्धत अशी होती. डोंगरातल्या तलावांच्या तोंडाशी बंधारा आणि लाकडी दार बसवायचं. खालच्या ओढ्याच्या काठी ओंडके रचून ठेवायचे. पाणी पुरेसं साठलं की दार उघडायचं. लोंढ्याबरोबर ओंडके सुटायचे आणि काठावरची माणसं लांब आकड्यांनी अडकलेले ओंडके मोकळे करत धावायची. ओंडके स्पेला मिळाले की त्यांचे तराफे बांधून दोन-दोन माणसं ते वल्ह्यांनी समुद्रापर्यंत नेत. पुढे रेल्वे आली, लाकूड डब्यांत चढलं आणि तराफे थांबले. नदी सॅमन मासेमारीच्या मालकांची झाली. इथला एकेक काठ फार मोठ्या किमतीला विकला जातो.

मग 1969 मध्ये स्पेवरच्या लॉख इन्श या तलावावर (लॉख म्हणजे तलाव) क्लाइव्ह फ्रेशवॉटर यांनी कनू आणि शिडाच्या होड्या शिकवणारी शाळा काढली. शाळेचे गट स्पेमधून खाली जाऊ लागले, तसे खालच्या अंगाच्या नॉकँडो इस्टेटीचे विश्वस्त कोर्टात गेले: कनूंमुळे मासेमारी बिघडते, नदी खाजगी आहे, यांना थांबवा. कनूवाल्यांच्या बाजूने उभे राहिले ते दोनशे वर्षांपूर्वीचे तराफेवाले. इतका काळ लोकांनी या पाण्यातून लाकूड नेलं, म्हणजे नदीवर जनतेचा नौकानयनाचा हक्क आहे. आणि मधली कित्येक दशकं कुणी तो वापरला नाही म्हणून तो मरत नाही, असा निकाल हाउस ऑफ लॉर्ड्सने 1976 मध्ये दिला. हा हक्क पाण्यावरून जाण्याचा होता. काठावर उतरायचा आणि तंबू ठोकायचा सर्वसाधारण हक्क पुढे 2003 च्या कायद्याने आला.

लॉख इन्शपासून समुद्रापर्यंत कनूने चार-पाच दिवस लागतात. नदी बहुतांशी पहिल्या, म्हणजे सगळ्यात सोप्या, श्रेणीची आहे, खालच्या अर्ध्यात दुसऱ्या श्रेणीचे खळाळ लागतात. नॉकँडोचा खडकाळ टप्पा त्यांतला नावाजलेला. या टप्प्यात नदीवर धरण नाही, पाण्याची पातळी पावसावर आणि वसंतात वितळणाऱ्या बर्फावर ठरते. उन्हाळ्यात कोरडे दिवस लांबले की खडीवरून कनू ओढत न्यावी लागते. उलट पूर आला की काठाची पडलेली झाडं पाण्यात येतात. झाडाच्या फांद्यांतून पाणी जातं, माणूस जात नाही, म्हणून बाहेरच्या वळणावर नेहमी लांबून पाहून आतल्या बाजूने जावं.

कनू आडवी होऊन खडकाला टेकली तर सहज प्रवृत्ती खडकापासून दूर झुकायची असते. तसं केलं की वरच्या बाजूची कड पाण्याखाली जाते, कनू भरते आणि खडकाभोवती दुमडते. खडकाकडे झुकायचं, हाताने त्याला धरायचं आणि कनू घसरवत सोडवायची. पाण्यात पडलात तर वेगवान उथळ प्रवाहात उभं राहू नये; पाय दगडात अडकला की पाण्याचा जोर माणसाला खाली दाबतो. पाठीवर, पाय पुढे आणि वर ठेवून वाहत जावं. पाणी जूनमध्येही थंड असतं. पहिलं मिनिट-दीड मिनिट श्वास आपोआप जोरात आत ओढला जातो. त्या वेळात पोहण्याची घाई न करता नुसतं तरंगायचं. तरंगजाकीट घट्ट बांधलेलं नसेल तर ते डोक्यावरून निघून येतं, म्हणून निघण्याआधी खांद्याचे पट्टे दुसऱ्याने वर ओढून पाहावेत.

मासेमाऱ्यांशी भांडण टाळायची रीतही ठरलेली आहे. स्पेवर सॅमनचा हंगाम 11 फेब्रुवारी ते 30 सप्टेंबर. पाण्यात उभा असलेला गळवाला दिसला की वरच थांबायचं, त्याचं लक्ष वेधायचं, तो हात करेल त्या बाजूने एका रांगेत, वल्हं न आपटता जायचं. स्कॉटलंडमध्ये रविवारी सॅमन धरायला कायद्याने बंदी आहे. ज्याला हे ठाऊक असतं तो आपला खालचा टप्पा रविवारी ठेवतो.

रेल्वे, युद्ध आणि बर्फ

अ‍ॅव्हीमोरला रेल्वे 1863 मध्ये आली. 1898 मध्ये कारब्रिजमार्गे इन्व्हरनेसचा थेट फाटा जोडला गेला आणि गाव जंक्शन झालं. स्कीचा छंद तेव्हा मोजक्यांपुरता होता. दुसऱ्या महायुद्धात नॉर्वेच्या कोम्पानी लिंगे या कमांडो तुकडीने ग्लेनमोर आणि आसपासच्या शिकारखान्यांत तळ ठोकून सराव केला. 1943 मध्ये नॉर्वेतल्या व्हेमॉर्कचा, जर्मनांच्या अणुसंशोधनाला लागणाऱ्या जड पाण्याचा कारखाना उडवणारे याच तुकडीतले. ग्लेनमोरला त्यांचा स्मृतिदगड आहे.

युद्धानंतर सरकारने ग्लेनमोरला वनउद्यान केलं आणि 1948 मध्ये ग्लेनमोर लॉज हे डोंगरशिक्षणाचं केंद्र सुरू झालं. 1952 मध्ये मिकेल उत्सी या सामी (उत्तर स्कँडिनेव्हियातली आदिवासी जमात) पशुपालकाने स्वीडनहून रेनडिअर आणले. त्या कळपाचे वंशज अजून डोंगरावर मोकळे चरतात आणि पाहुण्यांना राखणदारासोबत त्यांच्यात जाता येतं. स्कीवाले मात्र तेव्हा ग्लेनमोरपासून पायीच, खांद्यावर स्की घेऊन वर जात. कोरी कासपर्यंत रस्ता झाला आणि डिसेंबर 1961 मध्ये व्हाइट लेडी खुर्चीपाळणा सुरू झाला, तेव्हा सगळं बदललं. 1966 मध्ये अ‍ॅव्हीमोर सेंटर उघडलं. त्याच्या काँक्रीटच्या इमारतींबद्दल जेवढं कमी बोलावं तेवढं बरं.

इथली स्की आल्प्ससारखी नसते. बर्फ कमी पडतो आणि वारा तो उडवून नेतो. म्हणून उतारांच्या कडेला लाकडी पट्ट्यांच्या कुंपणांच्या रांगा दिसतात: वाऱ्याचा वेग कुंपणामागे मंदावतो आणि बर्फ तिथेच साठतो. या युक्तीशिवाय कोरी कासच्या उतारांवर बऱ्याच वर्षी बर्फाचा सलग पट्टा झालाच नसता. वारा वाढला की पाळणे बंद, हाही इथला नेहमीचा अनुभव. त्यावर उपाय म्हणून 2001 मध्ये सुमारे दोन किलोमीटरची केबलने ओढली जाणारी रेल्वे झाली. पठाराच्या नाजूक वनस्पती तुडवल्या जाऊ नयेत म्हणून तिने वर गेलेल्या उन्हाळी पाहुण्यांना बाहेर डोंगरावर सोडायचं नाही, अशी अट घातली गेली. 2018 च्या ऑक्टोबरमध्ये खांबांच्या दोषामुळे ती बंद पडली, जानेवारी 2023 मध्ये सुरू झाली, त्याच ऑगस्टमध्ये पुन्हा थांबली आणि फेब्रुवारी 2025 मध्ये परत धावू लागली. तिच्यावर बेत आखताना त्याच दिवशी चौकशी केलेली चांगली.

वर जाणं सोपं झालं त्याची किंमतही मोजावी लागली. नोव्हेंबर 1971 मध्ये एडिंबराच्या एका शाळेचे दोन गट पठारावर गेले. त्यातल्या नवख्या गटाला उंचावरची करन नावाची झोपडी गाठायची होती. हिमवादळात ती गाठता आली नाही. दोन रात्री उघड्यावर काढाव्या लागल्या आणि पाच विद्यार्थी व अठरा वर्षांची सहायक, असे सहा जण गेले. चौकशीत वादाचा मुद्दा झाला तो झोपड्यांचा. झोपडी आहे या भरवशावर गट वर जातात, आणि नेमकी गरज असते तेव्हा ती बर्फाखाली असते. 1975 मध्ये करन आणि आणखी एक उंचावरची झोपडी काढून टाकली. शाळांच्या सहलींना प्रमाणपत्रधारक नेता हवा, हा आग्रह तेव्हापासून पक्का झाला. 1993 मध्ये इंग्लंडच्या लाइम बेमध्ये चार किशोरवयीन मुलं कयाक सहलीत दगावल्यावर 1995 चा कायदा आला: अठरा वर्षांखालच्यांना पैसे घेऊन चढाई, गुहा, दुर्गम भटकंती किंवा जलक्रीडा पुरवणाऱ्याला परवाना बंधनकारक झाला. मुलांसाठी केंद्र निवडताना तो परवाना पाहायला मागणं हे पालकाचं कामच आहे.

हिवाळ्यात हिमप्रपाताचा रोजचा अंदाज स्कॉटिश अ‍ॅव्हलांच इन्फर्मेशन सर्व्हिस देते. नैर्ऋत्येच्या वाऱ्याने बर्फ पठारावरून उडून उत्तर आणि ईशान्य उतारांवर साठतो, आणि कड्याच्या कडेला पुढे झुकलेला बर्फाचा सज्जा तयार होतो. धुक्यात पांढरी जमीन आणि पांढरं आकाश एक होतं. सज्जाची कड वरून दिसतच नाही. दिशा होकायंत्रावर ठरवून, कड्यापासून भरपूर आत राहून चालणं हाच उपाय. फोनची बॅटरी थंडीत अचानक मरते, म्हणून कागदी नकाशा.

2003 नंतर

लँड रिफॉर्म (स्कॉटलंड) कायदा 2003 चा. त्याची आचारसंहिता फेब्रुवारी 2005 पासून लागू आहे. केर्नगॉर्म राष्ट्रीय उद्यानही 2003 चंच, 4,528 चौरस किलोमीटरचं, ब्रिटनमधलं सर्वांत मोठं. पायी, सायकलने, घोड्यावरून किंवा कनूने जवळजवळ कुठल्याही जमिनीवर वा पाण्यावर जाता येतं. घराचं अंगण आणि उभं पीक वगळलेलं आहे. शिकार, मासेमारी आणि मोटारवाहन या हक्कात येत नाही. तंबू लहान संख्येने, एका जागी दोन-तीन रात्री, घरं-रस्त्यांपासून दूर. शौचासाठी खड्डा पाण्यापासून किमान 30 मीटरवर. पाइनच्या रानात आणि पीटच्या जमिनीवर शेकोटी नको. पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर, आतून दिवसेंदिवस धुमसतं. लॉख लोमंडच्या राष्ट्रीय उद्यानात मात्र काही किनाऱ्यांवर मार्च ते सप्टेंबर तंबूला परवाना लागतो. गर्दी आणि कचरा फार झाल्यावर तिथे 2017 मध्ये हे निर्बंध वाढवले गेले.

एप्रिल ते जुलै जमिनीवर घरटी करणारे पक्षी असतात, कुत्रा दोरीवर हवा. ब्रिटनमधले बहुतेक कॅपरकेली (पाइनच्या रानातला मोठा, दुर्मीळ पक्षी) याच उद्यानाच्या जंगलांत उरले आहेत, म्हणून वसंतात पहाटे आडरानात सायकल घालू नये. नर हरणांच्या शिकारीवरची कायदेशीर हंगामी बंदी 2023 मध्ये उठली, तरी इस्टेटींची धामधूम ऑगस्ट ते 20 ऑक्टोबर हीच असते; त्या काळात पाटीवर सुचवलेली वाट धरली की कुणाचंच अडत नाही. मे अखेर ते सप्टेंबर मिज नावाची बारीक चावरी चिलटं असतात. ताशी दहा-बारा किलोमीटर वारा असला की ती उडत नाहीत, तेव्हा तंबू झाडीत न ठोकता वाऱ्यावरच्या टेकाडावर ठोकावा. गोचीड मात्र वाऱ्याला जुमानत नाही: रोज संध्याकाळी गुडघ्यामागे, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली पाहायचं आणि सापडली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची.

हल्लीचे तंटे वाटेवरून होत नाहीत, गाडी उभी करण्यावरून होतात. 2003 च्या कायद्याने मोटारीला काहीच दिलेलं नाही. रस्त्यापासून 15 यार्डांपर्यंत गाडी उतरवून उभी करणं वाहतूक कायद्यात गुन्हा ठरत नाही, पण मालकाने हटकलं तर काढावी लागते, आणि कॅम्परव्हॅनमध्ये झोपणं हा तंबूच्या हक्काचा भाग नाही. लॉख मॉर्लिख आणि कोरी कासचे वाहनतळ उन्हाळ्यात सकाळीच भरतात. अ‍ॅव्हीमोर स्टेशनसमोरून ग्लेनमोरमार्गे वर जाणारी बस घेतली तर हा प्रश्न उरत नाही. परतीच्या शेवटच्या बसची वेळ तेवढी सकाळीच पाहून ठेवावी.